अख्खी हाक

१

कल्पिताची रोजनिशी कुणी वाचायला घेतली असती तर त्याला दुसऱ्या पानावर डुलकी लागली असती. हे मत दुसऱ्या कुणाचं नाही, खुद्द कल्पिताचं होतं. "आज पाणी उशिरा आलं. तांदूळ निवडले. अंगणवाडीत मुलं कमी. रात्री कोलंबीचं कालवण." दुसऱ्या दिवशी पाणी वेळेवर यायचं, एवढाच काय तो फरक.

अलिबाग-पेण रस्त्यावरून आत वळलं की खाडीच्या अंगाला तिचं गाव. मिठागरं कधीच बंद पडली होती आणि जिथे मिठाच्या राशी लागायच्या तिथे आता तिच्या नवऱ्याचे, परेशचे, डंपर उभे असायचे. परेश आठवडाभर उरणच्या बाजूला धंद्यावर, मुलगी प्राप्ती ऐरोलीला नोकरीवर. सासू सोनूबाई गेल्या वर्षी गेली. दुपारी अंगणवाडीतून आल्यावर घरात कल्पिता आणि तिची वही, दोघीच. पुढच्या ओटीवर बसून ती लिहायची. घराला पुढून स्लॅब पडला होता, पण मागची कौलारू पडवी तशीच होती, कारण सोनूबाईनं जिवंत असेपर्यंत तिला कुणाला हात लावू दिला नव्हता.

लिहिण्याचं खूळ डोक्यात भरवलं ते अलिबागच्या रुचिता मॅडमनी. त्यांचा फोनवर बायकांचा गट होता. रोज चार ओळी लिहायच्या, आठवड्याला एक पान वाचून आवाज पाठवायचा. कल्पिताचं पान ऐकून मॅडम प्रेमानंच म्हणाल्या, "कल्पिताताई, तुम्ही दिवसाची हजेरी घेताय. जरा खोलात उतरा. जिच्यावाचून तुमचं चालत नाही, अशा एखाद्या माणसावर लिहा ना."

कल्पिताला दुसरं कुणी सुचलंच नाही. ती सोनूबाईवर लिहायला बसली.

आता सोनूबाई म्हणजे साधीसुधी बाई नव्हे. ती धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात धवलारणीनं धवले गायल्याशिवाय हळद अंगाला लागत नाही. घाण्यापासून पाठवणीपर्यंत सगळं गाण्यात. पंचक्रोशीतली निम्मी लग्नं सोनूबाईच्या आवाजानं लागली होती आणि तिच्यामागे बसून झील धरायला वर्षानुवर्षं कल्पिता. त्यामुळे लिहितानाही हात आपोआप धवल्याच्या चालीवर गेला. धवल्यात घरातल्या मेलेल्या माणसांना नाव घेऊन मांडवात बोलावतात. "ये गो सोनूबाई," असं कल्पितानं लिहिलं, "मऊ हातांच्या सोनूबाई, गोड बोलणाऱ्या सोनूबाई, ये." पुढे सासूबाई रोज दुपारी मायेनं विचारायच्या, "कल्पिता बाय, जेवलीस ना?" असंही लिहिलं. सुपात जवळा पाखडणारे ते शांत हात लिहिले. लिहिता लिहिता तिचे डोळे भरून आले.

गटातल्या बायका ऐकून रडल्या. मॅडमनी लिहिलं, "आता सापडलं तुम्हाला." ते रेकॉर्डिंग प्राप्तीनं ऐकलं, परेशनं डंपरमध्ये ऐकलं, तिथून ते गावभर फिरलं. कल्पिताला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आपल्याजवळ सांगण्यासारखं काहीतरी आहे.

२

पुढच्याच आठवड्यात ती दुपारी ओटीवर बसलेली असताना मागच्या पडवीतून आवाज आला.

"कल्पिता बाय, जेवलीस ना?"

"होय आय, जेवले," कल्पिता म्हणाली, आणि लिहीत राहिली. अर्धी ओळ झाल्यावर तिचा हात थांबला.

माणसाचं मन मोठं सोयीचं असतं. शेजारच्या शकूचा टीव्ही चालू असेल. मालिकेतल्या सासवा हल्ली असंच बोलतात. कल्पिता उठली, मागे जाऊन आली. पडवीत कोपऱ्याला टेकवलेलं सूप होतं, पाटा होता, दोरीवर तिचीच ओढणी होती. शकूच्या घराला तर कुलूप होतं. मग दुसऱ्या कुणाचा टीव्ही, असं ठरवून तिनं चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी पाखडण्याचा आवाज आला. सूप हलल्यावर सुका जवळा उडतो आणि परत पडतो, तो सरसर आवाज. तिनं तो आयुष्यभर ऐकला होता, त्यात चूक होणं शक्य नव्हतं. ती पडवीच्या दारापर्यंत गेली तसा तो थांबला. सूप कोपऱ्यालाच होतं. जवळ्याचा वास मात्र कुठेच नव्हता, आणि जवळा म्हणजे काही लपून राहणारी चीज नाही.

खरं सांगायचं तर कल्पिता फारशी घाबरली नाही. उलट तिला बरं वाटलं. रिकाम्या घरात कुणीतरी आपली विचारपूस करतंय. ती रोज जेवून हात धुतला की जरा थांबायची. हाक आली की "होय" म्हणायची आणि मग लिहायला बसायची. लिखाणही सुरेख होऊ लागलं. सोनूबाईची माया, सोनूबाईचा शांत स्वभाव, पान पान भरत होतं. मॅडम म्हणत होत्या, याचं पुस्तक होईल.

फक्त एक गोष्ट तिच्या मनात राहून राहून टोचत होती. सोनूबाईनं तिला कधी "बाय" म्हटलं नव्हतं. आणि जेवलीस का, हे तर सबंध संसारात एकदाही विचारलं नव्हतं. ते वाक्य कल्पितानं लिहिताना घातलं होतं. शोभेल म्हणून.

३

शनिवारी प्राप्ती आणि परेश दोघंही घरी आले. जेवताना सोनूबाईचा विषय निघाला.

"आजी मला मांडीवर घेऊन किती गोष्टी सांगायची," प्राप्ती म्हणाली. "हळू आवाजात. मला तो आवाज अजून ऐकू येतो."

कल्पिता हसली. "हळू? अगं, तिची हाक बांधापलीकडं जायची. आणि गोष्टी कुठल्या? तू रडायला लागलीस की म्हणायची, घाला हिला खाडीत."

"काहीतरीच काय आई!"

"आणि तो वीज तोडायला आलेला माणूस? कोयता घेऊन त्याच्या मागं धावली होती. तूच तर सगळ्यांना नक्कल करून दाखवायचीस."

प्राप्तीनं बापाकडे पाहिलं. परेशनं मान हलवली. "कल्पिता, माझी आय असली नव्हती गो. तिच्या तोंडातून कंदी वाकडा शब्द आला न्हाय. तूच तर लिवलंस."

तो मस्करी करत नव्हता. त्याचा चेहरा अगदी सरळ होता. आईच्या शिव्या खाऊन मोठा झालेला माणूस, दारू पिऊन आला म्हणून जिनं त्याला मिशा फुटल्यावरही चुलीतल्या लाकडानं बडवलं होतं, तो आईचं असं वर्णन करत होता आणि त्याला ते खरं वाटत होतं.

कल्पितानं ताटात हात तसाच ठेवला. बरं, यांना नाही आठवत तर नाही. मला तर आठवतं. सोनूबाई मला काय म्हणायची? ती मला नावानं कधीच हाक मारायची नाही. लग्न होऊन आले त्या पहिल्याच वर्षी तिनं माझं एक नाव ठेवलं. भांडणात तेच, लाडात तेच, मरताना "ताट उचल" म्हणाली तेव्हाही त्याच नावानं. काय बरं होतं ते?

आठवेना. जिभेवरून कुणी पुसून काढल्यासारखी तिथे जागाच कोरी होती. त्या जागेवर मऊ आवाजात एकच शब्द येत होता, बाय.

तेव्हा ती खरी घाबरली. सोनूबाई मेली ते तिनं सोसलं होतं. पण आता उरलीसुरली सोनूबाई तिच्या डोळ्यांदेखत जात होती, आणि जागा घेणारी दुसरीच कुणीतरी होती.

४

गोदू म्हातारी सोनूबाईची जोडीदारीण. दोघींनी मिळून कितीतरी मांडव गाजवलेले. कल्पिता गेली तेव्हा ती अंगणात बसून दगडावर कालवं फोडत होती. कल्पितानं तिला सगळं सांगितलं. हाकेचं, पाखडण्याचं, प्राप्ती आणि परेशचं. गोदू हसली नाही. तिनं हातातला कोयता खाली ठेवला.

"तू हाक मारलीस ना तिला? धवल्यातली?"

"लिहिली. गायली नाही."

"एकच ते. सोनू हाक कशी मारायची, ध्यानात हाय काय तुझ्या? नुसता गोड बोलवायची काय?"

कल्पिताला लख्ख आठवलं, आणि इतकी वर्षं झील धरूनही हे आपल्या ध्यानात कसं राहिलं नाही याची लाज वाटली. सोनूबाई मेलेल्याला बोलावताना त्याचे गुण गायची आणि लागलीच त्याचं वाकडंही गायची. ये रे रामचंद्रा, पोरांवर जीव टाकणाऱ्या ये, दारूत शेत घालवणाऱ्या ये. मांडवातले लोक खाली मान घालून हसायचे. यजमानाला राग यायचा. सोनूबाई काही ऐकायची नाही.

"मानूस अख्खा बोलवायचा," गोदू म्हणाली. "त्याचा खोट घेऊन बोलवला तं तोच येतो. नुसता गोड बोलवला तं कोन पन येतंय. त्याला तोंड नसतं, मग ते तुझ्या शब्दाचा तोंड लावून बसतं. आनि दुसऱ्या दिशी हळद धुतली की ज्यानं बोलवला त्यानंच वाटंला लावायचा. तू लावलास काय?"

"नाही."

"लाव. पन आदी खरीला बोलव. तिला अख्खी लिव. तिच्या शिव्या लिव, तिची खोड लिव."

"गोदूआत्ये, ती मला काय म्हणायची? तेवढं सांग."

"अगो, ते काय इसरायचं हाय? ती तुना म्हनायची..." गोदूचं तोंड उघडं राहिलं. तिनं कपाळाला हात लावला. "थांब. आता होता जिभंवर. आनि मना? मना ती काय म्हनायची गो?"

गोदूनंही ते रेकॉर्डिंग ऐकलं होतं. नातीनं कानाला लावून दिलं होतं, दोनदा.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी कल्पिता गॅसवर भात ठेवून वही घेऊन बसली. ऊन माडांवरून सरळ खाली येत होतं. मागच्या पडवीत पाखडणं चालू झालं. आज तिनं हाकेला "होय" म्हटलं नाही.

पहिलं वाक्य फुटायलाच किती वेळ गेला. "सोनूबाई मिश्री लावायची आणि भिंतीवर थुंकायची," एवढं लिहून तिला धाप लागली. पण ते खरं होतं. त्याला धरून दुसरं आलं. तिला दात कमी होते आणि ती हसली की लहान मुलं रडायची. माझ्या माहेरच्या माणसांना ती पाण्याच्या आधी टोमणा द्यायची. लोकाच्या लग्नात गायची आणि घरी येऊन त्यांच्या जेवणाला नावं ठेवायची.

"नको लिवू असं," पडवीतून मऊ आवाज आला. "वाईट लिवू नये, बाय. मेल्या माणसाचं चांगलं बोलावं."

आवाज जवळ आला होता. दाराच्या आतल्या अंगाला. कल्पितानं वर पाहिलं नाही. पाहिलं तर हात थांबेल हे तिला ठाऊक होतं.

मग तिनं ते लिहिलं, जे तिनं कधी नवऱ्यालाही धड सांगितलं नव्हतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी उधाणानं बांध फोडला. बांधाला खांड पडली की घरटी एक माणूस चिखल घालायला जातं, असा गावचा रिवाज. परेश बाहेर होता. सोनूबाईनं नव्या सुनेला पुढे घातलं. कल्पिता माणगावच्या बाजारात वाढलेली, चिखलाची सवय नाही. मांडीपर्यंत रुतली आणि पाणी चढायला लागलं तशी किंचाळत सुटली. सोनूबाईनं तिला केसांना धरून बाहेर ओढलं आणि सबंध गावासमोर थोबाडीत मारली. सगळे हसले. संध्याकाळी तीच सोनूबाई घंगाळभर ऊन पाणी घेऊन आली. कालवांच्या कवचांनी सुनेचे पाय चिरले होते. ते तिनं आपल्या मांडीवर घेतले, धुतले, हळद भरली, आणि सबंध वेळ शिव्या देत होती. तिचे हात मऊ नव्हते. मिठानं फुटलेले, खरखरीत होते. "गेली असतीस ना पान्यात," म्हणत होती. "चिखलात पाय उचलून चालतेस मेली, पानकोंबडी."

कल्पितानं पेन घट्ट धरलं. पानकोंबडी. पानकोंबडे, चूल विझली. पानकोंबडे, पोरीला घे. पानकोंबडे, ताट उचल.

ती हुंदके देऊन रडायला लागली. रडत रडत तिनं शेवटची गोष्टही लिहिली, जी तिला सगळ्यांत जास्त लागली होती. तिला पुढे बसून गायचं होतं. सोनूबाईनं कधी बसू दिलं नाही. कारण विचारलं तर म्हणाली, "आवाज बरा हाय गो तुझा. पन आत कोन न्हाय. मी सांगते ते गातेस. तुझा सोताचा काय?"

मिश्रीचा करपट वास आला. ओटीवर, अगदी डोक्याशी. आणि कुणीतरी खरखरीत हातानं तिच्या मानेवर हलकी टपली मारली.

"डोळे फुटले काय तुझे, पानकोंबडे? दोन येळचा भात चिकटला पातेल्याला."

कल्पिता रडता रडता हसली. स्वयंपाकघरात खरंच भात लागल्याचा वास सुटला होता. तिला वळून मिठी मारायची होती, पण वळण्याचा अधिकार हाक मारणाऱ्याला नसतो, हे तिनं सोनूबाईकडूनच ऐकलं होतं. तिनं तसंच समोर बघत, आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या मागे न बसता, वाटेला लावायचं गाणं म्हटलं.

"आलीस गो मांडवाला, बसलीस पाटावर,
ऊन गेलं उताराला, सोनूबाई, जा वाटंवर."

वास हळूहळू विरला. अंगणातला माड हलला आणि थांबला. थोड्या वेळानं फोन वाजला. प्राप्ती होती, ऑफिसातून, आणि तिला हसू आवरत नव्हतं. "आई, मला आत्ता काय आठवलं माहितीये? आजी आणि तो वीजवाला! कोयता घेऊन! मी कसं काय विसरले गं?"

कल्पिता म्हणाली, "राहू दे. आता नीट लक्षात ठेव." तिनं डोळे पुसले आणि गॅस बंद करायला उठली.

६

स्वयंपाकघरात शिरताना तिला सरसर आवाज ऐकू आला.

तिनं गॅस बंद केला. आवाज चालूच होता. तिला वाटलं, सोनूबाईला तर मी लावून दिलं. नाव घेऊन, अख्खी बोलावून, गाऊन लावलं. मग तिच्या मनात आलं, खरंच की, सोनूबाईला लावलं. ही सोनूबाई कधी नव्हतीच, हिच्या तोंडचे शब्द माझेच होते.

पडवीचं दार उघडं होतं. कोपऱ्यात कौलातून येणाऱ्या उन्हाच्या तिरपीत कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. सूप हलत होतं आणि सुपात काही नव्हतं. पाठ रुंद नव्हती सोनूबाईसारखी. मान बारीक होती. केसांचा अंबाडा जरा डाव्या बाजूला कललेला, ज्यावरून परेश नेहमी चिडवायचा. कल्पिताला. तिनं नकळत स्वतःच्या अंबाड्याला हात लावला.

सूप थांबलं. त्या बाईनं मान थोडीशी वळवली. पुरती नाही. कानाची पाळी दिसली, गालाचा उंचवटा, चष्म्याची काडी रुतून कल्पिताच्या कानामागे पडला होता तसाच बारीक वण. कल्पिताला त्यापुढे बघवलं नाही. तिनं चौकटीला धरलं. मनात भीतीहून मोठं दुसरंच काहीतरी दाटून आलं होतं. तिला त्या बाईची दया आली. इतके दिवस ती एकटी इथे बसून होती आणि तिच्या तोंडी एकच प्रश्न होता, तोही दुसऱ्याला विचारायचा.

हिलाही वाटेला लावायला हवं, हे कल्पिताला कळत होतं. त्यासाठी हिला आधी अख्खी लिहायला हवी, नावानिशी, खोटीसकट. आणि एकदा तसं लिहून, गाऊन झाल्यावर या घरातून नेमकं कोण उठून जाईल, हे गोदूलाही सांगता आलं नसतं.

ती परत ओटीवर आली. वहीचं कोरं पान काढलं. वर नाव लिहिलं, कल्पिता. त्याच्याखाली काय लिहायचं ते तिला बराच वेळ सुचेना. मग तिनं लिहिलं, "मला पुढं बसून गायचं होतं आणि मी भ्याले."

पडवीतून पावलं निघाली. ओली नाहीत, जड नाहीत, रोजची घरातली पावलं. स्वयंपाकघर ओलांडून ती ओटीवर आली आणि तिच्या पाठीशी थांबली. खांद्यावर ऊन श्वास लागत होता. कुणीतरी वाकून वाचत होतं.

कल्पितानं वही जराशी बाजूला सरकवली, तिलाही नीट दिसावं म्हणून, आणि पुढची ओळ लिहायला घेतली.